चाळिसाव्याची पानं

पिंपावरचा दगड तोआदेरने ठेवला होता,
ऑक्टोबरात, एकट्याने, कण्हत.
आज तो उचलायला दोघी लागतात:
एका बाजूने साव्हेता, दुसरीकडून शेजारची पिरोश्का.
दगड निघतो, आणि आंबट वास
तळघरात असा उभा राहतो
जसं कुणी त्याचं नाव पुकारलंय.

तीनशे पानं तरी लागतील.
चाळिसाव्याला अख्खं गाव जेवतं.
भांडलेलेही येतात. ते आधी येतात.

पानाची जाड शीर सुरीने तासायची.
तळहातावर पान, पानावर खिमा,
तांदूळ, परतलेला कांदा, शेपूचे वाळके देठ.
गुंडाळायचं,
आणि दोन्ही टोकं बोटाने आत खुपसायची
तान्ह्याची दुपटी खोचतात तशी.

साव्हेताचा सार्मा अंगठ्याएवढा.
“एवढासा? चिमण्या जेवायला बोलावल्यास काय?”
पिरोश्काचा मुठीएवढा, पाप्रिकाने लालभडक,
वर आंबट सायीचा डाव.
“मोठं गुंडाळते ती आळशी.”
“बारीक गुंडाळते ती चिक्कू.”
चाळीस वर्षं हेच, काना-मात्रा न बदलता.
दोनशेच्या पुढे कुठेतरी पिरोश्का गप्प होते.
साव्हेता बघते:
ती अंगठ्याएवढे वळतेय.
साव्हेता काही बोलत नाही.
बोलली तर रडावं लागेल,
आणि हात तर खिम्यात.

दुपारी ओदार्का आली, तिसा नदीच्या पलीकडून,
लाकडी पुलावरून चालत, पातेलं टॉवेलात बांधून.
पलीकडच्या शिपायाने झाकण उचलायला लावलं.
काय आहे?
कबुतरं, ती म्हणाली.
त्यांच्याकडे याला कबुतरंच म्हणतात.
शिपाई हसला नाही. त्याची आईही तेच म्हणत असणार.
आत कुट्टू आणि रानातल्या अळंब्या. मांस नाही.
पातेलं चुलीवर ठेवून ती म्हणाली,
“माझ्या घरातले दोघं अजून तिकडेच आहेत.”
तिकडे म्हणजे कुठे, कुणी विचारलं नाही.
पिरोश्काने तिला एक पान दिलं.

आता एक राहिला.
साव्हेता पाठ फिरवून
फडताळातल्या डबीतून तीन बेदाणे काढते.
हे आईकडून आलं.
आईकडे फ्रिमेतकडून,
जिचं घर आता टायरचं दुकान आहे.
फ्रिमेत बेदाणे घालायची, साखरेची चिमूट, लिंबू;
डुकराचं मांस अर्थातच नाही.
चव्वेचाळीसच्या वसंतात त्यांना नेलं,
सगळ्यांनाच, गल्लीच्या गल्ली,
आणि चुलीवर काय शिजत होतं
ते आईने कधी सांगितलं नाही.
फक्त दर मोठ्या पातेल्यात एक गोड सार्मा ठेवत गेली,
गोमांसाचा, वेगळा, दोऱ्याने बांधलेला.
तोआदेरला तो दर वेळी सापडायचा.
चावता चावता थांबायचा, साव्हेताकडे बघायचा,
आणि गिळायचा. एकदाही विचारलं नाही.
दोरा मात्र ताटाच्या कडेला
नीट गुंडाळून ठेवायचा.

पानं मांडली.
पाद्रीबाबांनी मेणबत्ती लावली, आठवणीचं गाणं म्हटलं,
ममालिग्याचा पिवळा डोंगर सुताने कापला गेला.
भांडलेल्यांनी सर्वांत जास्त खाल्लं.

नातू एमिल, वय नऊ, मालमोहून आलेला,
अचानक थांबतो.
“आजी, यात मनुका आहे.”
टेबल गप्प. त्याची आई लाजेने लाल:
चुकून पडली असेल, काढून टाक.
“का? आमच्या शाळेत तर
यावर काकवी ओततात.
वर लाल बोरांचा मुरंबा.”
आणि तो खातो. पहिला. दुसरा.
तिसरा बेदाणा जिभेवर धरून
तोंड उघडून आजीला दाखवतो.

साव्हेता त्याच्या ताटाकडे बघते.
दोरा कुठाय?
त्याने तो बोटाला गुंडाळलाय,
घट्ट,
बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत.

“सोड,” ती म्हणते. “रक्त थांबेल.”
आणि सोडवून घेतलेला दोरा
कुणाचं लक्ष नाहीसं पाहून
एप्रनच्या खिशात टाकते.
मग पिरोश्काला:
“पुढल्या वर्षी पिंपावरचा दगड
जरा हलका बघू.”
“हलका चालत नाही,” पिरोश्का म्हणते.
“पानं वर येतात.”